लेकरू कशाच्या बळावर उभं राहतं

दहावी-बारावीचे निकाल लागले की अमरावती-अकोल्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. बाप गेलेला, माय दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाणारी, दीड-दोन एकर कोरडवाहू जमीन, आणि पोरीला नव्वद टक्के. मथळ्यात 'जिद्द' असतेच. बातमी खरी असते आणि त्या पोरीचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच गावात, त्याच बाकावर, तशाच घरातली आणखी चार लेकरं बसलेली असतात. त्यातलं एखादं नववीत शाळा सोडून ट्रॅक्टरवर जातं, एखादीचं सोळाव्या वर्षी लग्न उरकतं, एखादं नापास होऊन घरात गप्प बसतं. त्यांच्यात जिद्द कमी होती, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे म्हणणं मान्य नाही. लेकराचं कणखरपण त्याच्या छातीत शोधायचं की त्याच्या भोवतीच्या माणसांत, या प्रश्नाचं उत्तर वऱ्हाडानं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार महागात मिळवलं आहे. ते एकदा नीट मांडून पाहायला हवं.

जगात यावर मोठं काम झालं आहे. हवाई बेटांमधल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधक बायांनी ती चाळिशीला पोचेपर्यंत ठेवला. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या वाट्याला गरिबी, बापाची दारू, आईचं आजारपण, मोडलेला संसार असं सगळं एकदम आलं होतं. तरी त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, कामाची, माया लावणारी माणसं झाली. या मुलांजवळ निदान एक मोठं माणूस टिकून राहिलं होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचे मास्तर. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तारुण्यात वाट चुकलेल्यांपैकी अनेकजण पुढे तिशीत सावरले. पुन्हा शिकायची संधी, धड नोकरी, समजूतदार जोडीदार, असं काहीतरी त्यांना उशिरा का होईना मिळालं. म्हणजे नववीत शाळा सुटलेल्या पोराचा हिशेब सोळाव्या वर्षी मिटत नाही. अमेरिकेतल्या ॲन मास्टेन यांनी २००१ मध्ये या सगळ्या अभ्यासांचा धांडोळा घेतला आणि सांगितलं की या मुलांकडे कुठलीही असामान्य शक्ती नसते. माया, शाळा, नेम, ओळखीची माणसं अशा अगदी साध्या गोष्टी जागेवर राहिल्या की लेकरू वाढतं. हार्वर्ड विद्यापीठातल्या बालविकास केंद्राची मांडणीही याच वाटेनं जाते. ताण तोच असतो. जवळ भरवशाचं माणूस असलं तर शरीर तो पचवतं आणि नसलं तर तोच ताण वाढत्या मेंदूला इजा करतो.

हे समजायला आपल्याला हवाईला जायची गरज नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूचा बाप दारूपायी गेला तेव्हा पोरगं जेमतेम आठ वर्षांचं होतं. माय सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, माहेरी आली. तिथं मामाच्या घरी डेबूनं गुरं राखली, नांगर धरला, आणि सावकारानं मामाची जमीन घशात घातली तेव्हा त्याच्याशी वैरही घेतलं. पुढे हाच डेबू गाडगेबाबा झाला. आपण त्यांची गोष्ट सांगताना झाडू आणि गाडगं सांगतो. मला मात्र दापुऱ्याचं ते मामाचं घर आठवतं. विधवा बहीण आणि तिचं लेकरू दारात आल्यावर ज्या घरानं भाकरीचा हिशेब केला नाही, ते घर नसतं तर? स्वतःला शाळा मिळाली नाही, पण भांडी मोडा आणि लेकरांना शिकवा असं हा माणूस गावोगाव सांगत फिरला. त्यात त्या पोरक्या वर्षांचा वाटा किती होता ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. शेतकरी आत्महत्या वाढल्या म्हणून २००६ च्या जुलैत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यात अमरावती आणि अकोलाही होते. पैसा मुख्यतः कर्ज, सिंचन, बियाणं, जोडधंदा यांसाठी होता. त्या वर्षी बाप गमावलेलं आठ वर्षांचं लेकरू आता पंचविशी ओलांडून गेलं आहे. शेतकरी आत्महत्यांवर आपल्याकडे ढिगानं लिहिलं गेलं, समित्या बसल्या, दौरे झाले. हे सगळं कापूस, कर्ज, हमीभाव यांभोवती फिरलं आणि ते चूकही नव्हतं. पण घरातलं लेकरू या चर्चेत फोटोपुरतं राहिलं, मायच्या पदराला धरून उभं.

त्या लेकराच्या वाट्याला नेमकं काय येतं ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मयताच्या दिवशी घर माणसांनी भरतं. पोलीस येतात, पंचनामा होतो, पुढे तलाठी येतो, कर्ज किती, कुणाचं, दारू पीत होता काय, घरात भांडण झालं होतं काय, असे प्रश्न ओसरीवर सगळ्यांसमोर विचारले जातात आणि पोरं दाराआडून ऐकतात. तेरवीला मोठ्या पोराला पुढे बसवून टोपी घालतात. एखादा म्हातारा त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "आता रडू नोको बापू. तूच आता घरचा कर्ता, मायले तूच पाह्यजो." म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण बारा वर्षांच्या पोराला त्या क्षणी दोन हुकूम मिळतात: रडायचं नाही, आणि आता लहान राहायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात ते शाळेत जातं तेव्हा सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कुणीच काही बोलत नाही. मास्तर त्याला प्रश्न विचारायचं टाळतात, चुकलं तरी रागवत नाहीत. त्यांना वाटतं आपण सांभाळून घेतो आहोत. पोराला मात्र आपण वर्गातून वजा झालो असंच वाटतं.

वावरात मायसोबत काम करणं लेकराला मोडत नाही, हे स्पष्ट सांगतो. कापूस वेचणं, बकऱ्या सोडणं, लहान भावाला सांभाळणं, यातून वऱ्हाडातल्या पिढ्या वाढल्या आणि कामाला आल्या. शहरातल्या काही माणसांना हे पाहूनच कळवळा येतो, तो गैरलागू आहे. काम वाट्याला यावं. चिंता येऊ नये. सोसायटीचं कर्ज कधी फिटेल, मायनंही बापासारखं काही केलं तर काय, ही चिंता घेऊन जे पोरगं रात्री मायच्या खाटेशी जागं राहतं त्याला आपण समजूतदार म्हणतो. ते समजूतदार नसतं. ते भ्यालेलं असतं.

म्हणूनच पहिली मदत मायला लागते. शासनाची मदत एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी आत्महत्या 'पात्र' ठरावी लागते. जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. मक्त्यानं, बटईनं दुसऱ्याचं वावर करणारा, पाहुण्याकडून किंवा कृषी केंद्रातून उधारीवर भागवणारा माणूस कागदावर शेतकरीच ठरत नाही. त्याचं प्रकरण अपात्र होतं आणि त्याच्या लेकराच्या दुःखाला सरकारदरबारी नोंदच राहत नाही. पुढे जमिनीचा प्रश्न येतो. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या ५०५ बायांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात नवरा गमावलेल्यांपैकी ४० टक्के बायांना कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळाला नव्हता आणि राहत्या घराचा हक्क फक्त ३५ टक्क्यांना मिळाला होता. सातबारा सासऱ्याच्या नावे, दीर म्हणतो हिस्सा नाही, फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे. मग एक दिवस ती बाई लेकरं घेऊन माहेरी निघते. शाळा सुटते, मित्र सुटतात, दाखला मिळायला महिने जातात. बापापाठोपाठ लेकराचं गावही जातं. मी हे बजावून म्हणतो की वऱ्हाडात लेकराच्या मानसिक आरोग्याचा पहिला कागद म्हणजे मायच्या नावाचा सातबारा. ज्या बाईला उद्या आपण याच घरात असू याची खात्री आहे, तिच्या चेहऱ्यावर लेकराला ती खात्री दिसते.

या बाया नुसत्या सोसत बसलेल्या नाहीत. २०१९ च्या जानेवारीत शेजारच्या यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर दोन लेकरं घेऊन उभी राहिलेली, अंगणवाडीत काम करणारी ही बाई 'तेरवं' या नाटकात कामही करत होती. भरल्या मांडवात तिनं सांगितलं ते विधवेच्या वाट्याचं आयुष्य होतं, आणि ते ऐकणाऱ्या शेकडो घरांतल्या लेकरांनी आपल्या मायसारखी बाई माइकसमोर उभी पाहिली. याचा परिणाम मोजता येत नाही, पण तो होतो.

मनाच्या आजाराबद्दल अमरावती जिल्ह्यातच एक पक्कं उदाहरण आहे आणि ते जिल्ह्यातल्या थोड्याच लोकांना ठाऊक आहे. 'विश्राम' नावाचा कार्यक्रम इथल्या ३० गावांत चालला. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांनी ओट्यावर, देवळात, बचत गटात उदासीबद्दल बोलायला सुरुवात केली, गरज असेल त्याला समुपदेशक आणि डॉक्टर जोडून दिले. दीड वर्षात उदासीनतेच्या आजारासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हे छापून आलं. हा कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी होता, पण लेकरासाठी याहून थेट मदत कुठली? माय सकाळी उठून चूल पेटवते, वेणी घालून देते, संध्याकाळी "काय शिकवलं आज?" म्हणून विचारते, हे सुरू झालं की अर्धं काम झालं. राज्य शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पानंही २०१५ पासून आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत समुपदेशनाची सोय उभी केली. ती सोय तालुक्याच्या दवाखान्यातून गावाच्या ओट्यापर्यंत कितपत पोचते, यावर तिचं मोल ठरेल.

शाळेकडून आपण फार मागतो आणि चुकीचं मागतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुलांच्या मनाचं काम काही शाळांत शिक्षकांवर सोपवलं, काही शाळांत त्यासाठी वेगळा, थोडं प्रशिक्षण दिलेला साधा समुपदेशक नेमला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दांडगाई कमी झाली, मुलांची उदासी कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांना विचारा. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, आणि त्यात 'मुलांना कणखर बनवा' असा आणखी एक उपक्रम. त्यापेक्षा केंद्रशाळेला एक माणूस द्या, ज्याचं काम फक्त मुलांशी बोलणं आहे.

शाळेनं द्यायची खरी गोष्ट म्हणजे नेम. रोज तीच घंटा, तीच खिचडी, हजेरीत आपलं नाव. आणि त्या नेमापर्यंत नेणारी एसटी. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या दर्यापूर, बाळापूर, तेल्हारा भागातल्या पोरींना पाहिलं की मला हा कार्यक्रम आखणाऱ्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. बाप गेल्यावर पोरीची शाळा बंद होण्याचं पहिलं कारण "सोबत कोण जाईल?" हे असतं, गावातून थेट शाळेच्या दारात जाणारी बस ते कारणच काढून घेते. २०२१-२२ च्या एसटी संपात या बसेस महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. आधीच करोनानं दीड वर्ष शाळा गेलेली. त्या दोन वर्षांत वऱ्हाडात किती पोरींच्या पाठवण्या झाल्या ते गावोगावच्या बायांना तोंडपाठ आहे.

वसतिगृह हा वऱ्हाडाचा जुना आणि मोठा वारसा. पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं की ते शिकतं, हा साधा हिशेब त्यामागे होता. पुढे १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आजही सैपाकाला आलेल्या बाईला 'मावशी' म्हणत जेवणारी पोरं जिथं असतात, आणि आजारी पडल्यावर रेक्टर घरी फोन करतो, तिथं पोरगं टिकतं. जिथं पाणी नाही, गृहपाल रात्री नसतो आणि भत्ता सहा-सहा महिने येत नाही, तिथून ते परत गावाला येतं.

परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी जे केलं, ते या सगळ्याच्या टोकाचं उदाहरण आहे. रेल्वे स्टेशनवर, कचराकुंडीत टाकलेली, अपंग, मतिमंद, मूकबधिर, अंध लेकरं त्यांनी वाढवली. त्यांना स्वतःचं आडनाव दिलं, पोरींची लग्नं लावली. शासनानं २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी इथं वाढलेली दृष्टिहीन माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या जिद्दीबद्दल भरपूर लिहून आलं. पण तिला आडनाव देणारा बाप होता, अमरावतीत अंध विद्यालय होतं, पुढे कॉलेज होतं, वाचून दाखवणारी, शिकवणारी माणसं होती. यातला एक दुवा निखळला असता तर तीच जिद्द कुठं गेली असती? शंकरबाबांची कित्येक वर्षांची मागणी आहे की अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अपंग अनाथांना बालगृहाबाहेर काढू नये, त्यासाठी कायदा व्हावा. पद्मश्रीपेक्षा त्यांना ही मागणी मान्य झालेली अधिक आवडली असती, असं मला वाटतं. अठरावा वाढदिवस हा लेकराला बेघर करणारा दिवस असू नये.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती टोचते. मतीन भोसले या फासेपारधी तरुणानं शिक्षकाची नोकरी सोडली, स्टेशनांवर आणि सिग्नलला भीक मागणारी आपल्या समाजाची मुलं गोळा केली आणि 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. पारधी म्हटलं की चोर, हा शिक्का ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून या मुलांच्या पाठीवर आहे. शाळेत आल्यावर त्यांना पहिल्यांदा कुणीतरी संशयाशिवाय पाहिलं. आणि २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामासाठी याच शाळेचं ग्रंथालय आणि काही बांधकाम पाडलं गेलं. पुस्तकं वाचवायला धावणाऱ्या त्या मुलांना आपण सोशीकपणाचा कुठला धडा द्यायचा? संकट नियतीनं आणलं तर त्यातून वाढायला शिकवता येईल. व्यवस्थेनं आणलेलं संकट आधी थांबवायला हवं.

मेळघाटाबद्दलही हेच. १९९३ पासून तिथल्या बालमृत्यूंची चर्चा चालू आहे. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं कामाच्या शोधात खाली सपाटीवर उतरतात, वीटभट्ट्यांवर, शेतांवर राहतात आणि होळीला परततात. लेकरं सोबत जातात, शाळेचं निम्मं वर्ष बुडतं, लहानग्यांचं वजन घटतं. कुपोषित शरीराला मनाच्या बळाच्या गोष्टी सांगू नयेत. बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे, उतावलीला आशिष सातव यांच्यासारखे डॉक्टर दशकानुदशकं तिथं राहिले, गावातल्या बायांना आरोग्य-सेविका म्हणून तयार केलं. आजीआजोबांजवळ राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर आहे. ती वेळेवर, म्हणजे कुटुंब निघण्याच्या आधी सुरू झाली तरच तिचा उपयोग.

राहता राहिलं लेकराशी बोलणं. बाप विहिरीत घसरून पडला, देवानं नेला, असं सांगितलं जातं. लेकराला खरं कधीतरी कळतंच, बहुधा शाळेच्या मैदानावर, भांडणात, शिवीसारखं. तेव्हा ते दोनदा पोरकं होतं. त्यापेक्षा मायनं किंवा मामानं शांतपणे सांगावं, की बाबाचं मन फार आजारी झालं होतं, त्याला मदत मिळाली नाही, आणि यात तुझी काही चूक नव्हती. हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण शेवटच्या दिवशी बापाशी हट्ट केलेलं लेकरू ते सहजासहजी मानत नाही.

तुमच्या गावात, भाऊबंदकीत असं घर असेल तर तेरवीनंतर सहा महिन्यांनी जा. तोवर गर्दी पांगलेली असते. त्या बाईसोबत तहसीलला जाऊन वारसनोंद करून घ्या. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलालाही अठराव्या वर्षापर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आणि बाल कल्याण समितीपुढे करायचा असतो, त्याची कागदपत्रं गोळा करायला हात लावा. लेकराला नावानं हाक मारा, अभ्यास विचारा, चुकलं तर रागवासुद्धा. घरात कुणाचं मन खचलेलं दिसलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं. आणि संकटातल्या मुलासाठी १०९८ आहे. दोन्ही फोन दिवसरात्र चालू असतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत.